रिकाम्या समुद्राचा फोटो

"समुद्राचा फोटो काढायचा आणि त्यात माणूस नको?" आप्पांनी बशी ओठापाशीच धरून ठेवली. "मग काढायचा कशाचा?"

"समुद्राचाच की."

"निसतं पाणी?"

"निसतं पाणी, आप्पा."

"पाणी काय, कॅनॉललाबी हाय." आणि त्यांनी फुर्रकन चहा ओढला. त्यांच्या लेखी विषय संपला. माझ्या लेखी तो आत्ता कुठे सुरू होत होता.

आप्पा म्हणजे माझे वडील. पलटणीत होते, तिथेच एका साहेबाच्या हाताखाली फोटो काढायला शिकले, आणि पेन्शनीत निघून कुंडलला आले ते गळ्यात कॅमेरा अडकवूनच. आमचा स्टुडिओ दोन खोल्यांचा. पुढची खोली आप्पांची. तिथे गिऱ्हाइकाचं स्टूल, दोन मोठे दिवे, आरसा, कंगवा, पावडरीचा डबा आणि गावात कुणालाही होईल असा एक काळा कोट. मागची खोली डार्करूम, तिला सगळे काळी खोलीच म्हणायचे. बारावीला मी गणितात आपटले तेव्हापासून ती माझी झाली होती. बाहेर जग मला नापास म्हणायचं, पण त्या खोलीत मी राणी होते, राणी! लाल दिव्यात पांढरा कागद डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सोडायचा नि हलके हलके ट्रे हलवायचा. आधी मिशा उगवायच्या, मग माणूस. भुवया आधी, मग डोळे. किती वर्षं केलं तरी दर वेळी माझ्या पोटात गुदगुल्या व्हायच्या, आणि मी एकटीच खिदळायचे. बाहेरून आई विचारायची, "कोण हाय गं आत?" मी म्हणायचे, "सोसायटीचे चेअरमन उगवत्यात."

पण नव्वदचं दशक अर्धं सरलं नि कराडात रंगीत फोटोंची लॅब आली. मग नवरीला शालू लालच दिसायला हवा झाला. काळ्यापांढऱ्यात उरले ते फॉर्मावर चिकटवायचे फोटो, तेही कंजूष लोकांचे. आप्पांनी ठरवलं, झेरॉक्स मशीन आणायचं. गावात एकही नव्हतं. उतारे, दाखले, सोसायटीचे कागद, सगळ्यांना पलूसला पळावं लागायचं. धंदा चालणार यात शंका नव्हती. पण मशीन ठेवायचं कुठे? तर काळ्या खोलीत.

"पुढच्या खोलीत ठेवा," मी म्हणाले.

"आणि गिऱ्हाईक कुठं बसवू? माझ्या डोस्क्यावर?"

मी भांडले, आदळआपट केली, ताटावरून उठले. आई म्हणाली, "रागानं कोण मेलं न्हाई, उपाशीपोटी मरतंय. गिळ दोन घास." मी गिळले, पण रुसूनच.

आणि त्याच आठवड्यात सांगलीच्या हौशी फोटोवाल्यांच्या एका मंडळाने स्पर्धा जाहीर केली. निवडलेले फोटो हॉलच्या भिंतीवर लागणार होते. विषय होता 'समुद्रकिनारा, कृष्णधवल'. अट एकच, चित्रात माणूस असता कामा नये. सांगलीकरांना समुद्राचा एवढा पुळका कुठून आला कोण जाणे. कृष्णेला पूर आला की पुलावर उभं राहून जे दिसतं तोच त्यांचा समुद्र! पण मला काय, बुडत्याला काडी मिळाली. मी आप्पांच्या मागे हात धुऊन लागले. शेवटी ते वैतागून म्हणाले, "तुझा फोटो तितं भिंतीवर लागला तर खोली तुझी. न्हाई लागला तर मशीन आणायचं. शिपायाचा शब्द हाय."

मी तिथल्या तिथे त्यांना कडक सॅल्यूट ठोकला.

बेत असा होता की शेजाऱ्याच्या जीपमधून आप्पा, आई आणि मी गुहागरला जायचं, फोटो काढायचा, परत यायचं. पण कुंडलमध्ये बेत कधी घरात राहतो का? पहाटे जीप दारात आली तेव्हा आत्या आधीच तीत बसलेली होती. आत्या म्हणजे आप्पांची थोरली बहीण, विहारातल्या बायकांची पुढारी. पौर्णिमेच्या वंदनेची पांढरीशुभ्र साडी नेसून, कपाळापर्यंत तेल लावून तयार. "माझ्या भावाच्या गाडीत मी न्हाई बसायचं तर कुणी?" तिच्या पाठोपाठ मामा आला. मामा कॅनॉलवर पाटकरी होता, म्हणजे कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचं ते बघणारा. त्याच्यामागे मामी, मग शेजारचं अख्खं घर, त्यांची पोरंटोरं. उसाची ट्रॉली भरावी तशी जीप भरली. सगळ्यांत शेवटी आई शिरली, मांडीवर भाकरीचं गाठोडं घेऊन. चटणी, ठेचा, पिठलं, पाण्याची कळशी, सगळं तिच्याच पायांत.

कराड गेलं, पाटणला चहा झाला, कोयनेपर्यंत गाणी झाली आणि कुंभार्ली घाट लागला. पहिल्याच वळणाला मामाचा चेहरा हिरवा पडला. "खिडकीतनं, मामा, खिडकीतनं!" ड्रायव्हर ओरडला. मामाने ऐकलं, पण खिडकीपाशी आत्या होती. ते जाऊ दे. चिपळूणला आत्याची साडी नळावर धुतली, आणि ती ओल्या पदरानिशी "मी हुते म्हणून खपवून घेतलं" असं समुद्र येईपर्यंत म्हणत राहिली.

समुद्र आला तो सुरूच्या झाडांमधून. आधी आवाज, मग खारट वारा, आणि मग एकदम सगळंच. आम्ही कुणीही तो कधी पाहिलेला नव्हता, एक आप्पा सोडले तर, आणि त्यांनीही रेल्वेतून. आत्या "बया, बया, बया!" करत चपला टाकून पळत सुटली. साठी ओलांडलेली बाई, गुडघे दुखतात म्हणून विहाराच्या पायऱ्या धरून धरून चढणारी! मामी तिच्यामागे, पोरं मामीमागे. मामा वाळूत आडवाच पडला नि हसायला लागला. मी हसत होते, ओरडत होते, उगाचच गोल गोल फिरत होते. इतकं मोकळं, इतकं वाऱ्याचं मी आयुष्यात काही पाहिलं नव्हतं.

ओहोटी होती. पाणी दूर गेलेलं आणि मधे ओली, चकचकीत वाळू. मामाने उठून हे निरखलं, कमरेवर हात ठेवले आणि शहाळी विकणाऱ्या बाईला आपल्या धंद्यातल्या माणसाच्या गंभीरपणाने विचारलं, "आवं बाई, तुमच्यात पाणी कवा सोडत्यात?"

"कोण सोडणार? आपलं आपण येतं, आपलं आपण जातं."

"आपलं आपण? पाटकऱ्याबिगर?" मामाला ते काही केल्या पटेना. "आणि भांडणं? भांडणं न्हाई हुईत?"

बाई इतकी हसली की तिच्या हातातला कोयता खाली पडला.

मी कामाला लागले. आमचा कॅमेरा वरून डोकावून बघायचा, चौकोनी डब्यासारखा. काळ्यापांढऱ्या रोलाचं तेव्हा दुर्भिक्ष झालेलं. आप्पांनी कोल्हापूरहून कसेबसे दोन रोल मिळवले होते, एकेकात बारा फोटो. मी जागा धरली, पिवळा फिल्टर लावला, काचेत बघितलं. ढग उठून आले होते. लाटेची पांढरी कड, खाली काळी वाळू. श्वास रोखला. बटण दाबलं, आणि त्याच क्षणी चौकटीत आत्या येऊन उभी राहिली. हात जोडून, पांढऱ्या साडीत, सावधान.

"आत्या! बाजूला हो की!"

"अगं, तू काढत हुतीस नव्हं? मी आले म्हणून बरं झालं. वाया गेला असता."

मला आधी वाटलं, गंमत करतात. नव्हती गंमत. मी जिथे कॅमेरा रोखीन तिथे कुणीतरी धावत येऊन उभं राहायचं, तेही मला मदत म्हणून. आमच्याकडे फोटो ही एकदाची गोष्ट. साखरपुड्याला एक, लग्नाला एक, आणि मग भिंतीवर हार घालायला एक. त्यात पोरगी नुसत्याच पाण्यावर फोटो उडवते म्हणजे तिला कुणी उभं राहायला मिळत नाही, बिचारीला, असा सगळ्यांचा समज. मामा ओल्या विजारीत, छाती काढून. मामी शहाळ्यासकट. शेजारची पोरं एकमेकांच्या डोक्यावर. एकदा तर फक्त किनाऱ्यावरचं कुत्रं, पण ते मामाने धरून आणलेलं. आणि आप्पा? तेही त्यांच्यातलेच! मी माणसं हाकलते तोवर हे मागून सूचना द्यायचे, "मामा, हनुवटी जरा वर. हां!"

जेवायच्या आधी पहिला रोल संपला. जेवण झाल्यावर मी दुसरा रोल भरला आणि कॅमेरा घेऊन चक्क पळाले. वरात माझ्यामागे. शेवटी कॅमेऱ्याच्या पाठीवरच्या लाल खिडकीत बाराचा आकडा आला. एक फोटो उरला. आणि समोर पुन्हा आत्या.

मग मात्र माझा तोल सुटला. "अगं, मला माणूस नकोय! कुणीच नकोय! तुमच्या पाया पडते, मला नुसता समुद्र हवाय! माझी खोली जाईल!"

आत्या गांगरली. मग समजुतीच्या सुरात म्हणाली, "पर इतक्या लांबनं आलो आपण. त्याला एकट्याला उभा करायचा? बरं दिसतं व्हय?"

मला रडू फुटलं. पण रडता रडता 'त्याला एकट्याला' हे डोक्यात बसलं नि हसूही फुटलं. नाकातून पाणी, डोळ्यांतून पाणी, आणि मी वाळूत फतकल मारून बसलेली. आप्पा लांबून बघत होते. वळले, जीपकडे गेले आणि स्वतःचा जुना कॅमेरा गळ्यात घालून आले.

"पलटण!" त्यांचा आवाज अख्ख्या किनाऱ्यावर घुमला. "फालइन! ग्रुप फोटो! तिकडं, सुरूच्या झाडांखाली! उंच मागं, बुटकं पुढं! जल्दी!"

ग्रुप फोटो म्हटल्यावर काय! सगळी वरात झाडांकडे पळाली. तो कॅमेरा रिकामा होता. मीच आदल्या दिवशी त्यातला रोल काढून धुतला होता, आणि आप्पांना ते पक्कं ठाऊक होतं. ज्या माणसाने आयुष्यात एक फोटो फुकट घालवू दिला नाही, एकदा माझ्या हातून बटण चुकून दाबलं गेलं तर आठवडाभर बोलले, ते आप्पा तिकडे रिकाम्या कॅमेऱ्याने धडाधड फोटो काढत होते. "हसा! खट! आता आत्या मधी! खट! मामा, डोळं उघड रं गड्या! खट!"

मी त्यांच्याकडे पाठ केली. समोरचा किनारा झाडून रिकामा. सूर्य ढगाआड शिरलेला, पाण्यावर चांदीचा पत्रा पसरलेला, ओल्या वाळूवर लाटांच्या रेघा. दूर पाण्यात काहीतरी काळं टिंब होतं, खडक असेल. मी बटण दाबलं. आणि मग तिथेच, कॅमेरा छातीशी धरून, एकटीच नाचले. आप्पांनी लांबून डोळा मारला. माझ्या बापाने मला डोळा मारलेला तो पहिला नि शेवटचा.

परतीच्या वाटेवर जीप नुसती उसळत होती. घाटात मामालासुद्धा काही झालं नाही. "ग्रुप फोटो मोठा करून द्या बरं का," असं जो तो म्हणत होता, आणि आप्पा खिडकीबाहेर बघत "हां, हां" करत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी निगेटिव्ह धुतली. शेवटचा फोटो झकास उतरला होता. मी आप्पांना हाक मारली. लाल दिव्यात आम्ही दोघं ट्रेवर वाकून उभे. आधी ओली वाळू उगवली. मग ढगांची पोटं, मग लाटांच्या रेघा. "वा!" आप्पा म्हणाले. आप्पांच्या तोंडून 'वा' म्हणजे काय ते ऐकणाऱ्यालाच माहीत. आणि मग पाण्याच्या बरोबर मधोमध ते टिंब उगवलं.

"खडक हाय," मी म्हणाले.

"खडकाला हात असत्यात व्हय?"

कागद हायपोच्या ट्रेमध्ये पक्का केला, धुतला, दिवा लावला, भिंग घेतलं. खडक नव्हता. बाई होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, दोन्ही हात आभाळात, वेणी उडालेली, आणि दोन्ही पाय पाण्याच्या वर. लाट आली तशी तिने उडी मारली होती.

आई.

दिवसभर प्रत्येक जण धावून धावून फोटोत आला होता, एक आई सोडून. ती गाठोड्यापाशी, सगळ्यांच्या चपलांपाशी बसून होती. आप्पांनी पलटण झाडांखाली नेली आणि किनारा रिकामा झाला, तेव्हा ती उठली असणार. रांगेत ती नाही, हे ना आप्पांना दिसलं, ना मला.

मधोमध असल्यामुळे कडेने कापून टाकायची सोय नव्हती. पण आप्पांच्या हाताची गोष्टच वेगळी. त्यांनी गावातले देवीचे व्रण पुसले होते, मिटलेले डोळे उघडले होते, टकलांवर केस पेरले होते. हे टिंब म्हणजे त्यांच्या डाव्या हातचा मळ. ब्लेडच्या टोकाने हलकं खरवडायचं, वरून ब्रश फिरवायचा, झाला समुद्र रिकामा. त्यांनी फोटो फळीवर टाचला. ब्लेड घेतलं. मला दोन्ही हवं होतं, माझी खोलीही आणि आईची उडीही.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. "काय झालं? असं का बसलाय दोघं?"

मी भिंग तिच्या हातात दिलं. तिने बघितलं, डोळा बारीक केला, पुन्हा बघितलं.

"ही कोण गं?"

"तू."

"मी?" ती हसायला लागली आणि पदर तोंडावर घेतला. "श्श! मी कशाला उड्या मारीन!" मग पुन्हा भिंग लावलं. बराच वेळ लावलं. "मला वाटलं, कोण बघत न्हाई," ती म्हणाली.

मग तिला माझा चेहरा दिसला असावा. तिने भिंग खाली ठेवलं आणि आप्पांना म्हणाली, "आवं, पुसा की मला. पोरीची खोली जायाची. माझं काय त्यात? दिसतीया तरी कुठं धड."

आप्पांनी ब्लेड फोटोवर टेकवलं. हात मात्र पुढे सरकेना. बाहेर कुणी गिऱ्हाईक दोनदा हाक मारून गेलं. आप्पांनी ब्लेड पुन्हा कागदात गुंडाळलं आणि चहा घेतला, निम्मा गार झालेला.

"न्हाई जमत," ते म्हणाले.

सांगलीला मी काही पाठवलं नाही. शिपायाचा शब्द होता, त्यामुळे मशीन येणार हे ठरलंच होतं. मी मनाची तयारी केली, ट्रे धुऊन पालथे घातले, बाटल्या खोक्यात भरल्या. सकाळी खोकं उचलून बाहेर आले तर आप्पा पुढच्या खोलीत टेप धरून जमीन मापत होते. गिऱ्हाइकाचं स्टूल, दोन्ही दिवे, आरसा, काळा कोट, सगळं त्यांनी अंगणात नेऊन ठेवलं होतं.

आई दारात थबकली. "आवं, मशीन हितं? मग तुमी फोटो कुठं काढणार?"

"भाईर," आप्पा टेपवरून नजर न काढता म्हणाले. "भाईर उजेड बक्कळ हाय."